रविवारची सायकल राइड : गिरणारे

सदस्यांनो, या रविवारी सकाळी ठीक ६.३० वाजता नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरून निघू. गंगापूर रोडने गिरणारे आणि परत. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसेल त्याला सोबत घेणार नाही. कृपया आग्रह करू नका. गंगापूर धरणाच्या बाजूला धुकं असतं आणि समोरून भाजीच्या पिकअप येतात. तिथे एकामागे एक चालवा, गप्पा चहाच्या टपरीवर. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या, बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. थंडीत टायरची हवाही थोडी उतरते, सकाळी तपासा. आणि द्राक्षबागेत फोटोसाठी शिरू नका, शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत असते ती. हेल्मेट अर्थातच हवं.