नाण्यातली चूक आणि तिची किंमत

महोदय,

जुनी नाणी विकून लखपती होण्याचे संदेश मोबाईलवर फिरतात, हे आता नवे राहिलेले नाही; परंतु आपल्या जिल्हा पुरवणीत अलीकडे पाच रुपयांच्या एका नाण्यावर अक्षरे दुहेरी उमटल्याचे सांगून त्याची किंमत ‘लाखाच्या घरात’ असल्याचे छापले गेले, म्हणून नाणी जमवणाऱ्या माझ्यासारख्याला हे पत्र लिहिणे भाग पडले.

वृत्तासोबतच्या छायाचित्रात ‘भारत’ या शब्दाच्या शिरोरेखेला लागून एक सपाट, पायरीसारखी कड स्पष्ट दिसते आणि मूळ रेषा त्यामुळे बारीक झालेली आहे. टाकसाळीत नाण्यावर छाप उठवणारा ठसा यंत्रात किंचित सैल बसला, की दाब पडून गेल्यावर तो जरासा सरकतो आणि नुकतेच उमटलेले अक्षर घासून चेपते. असा प्रकार सर्रास घडत असल्याने जाणकार संग्राहक त्याला दर्शनी मूल्यापलीकडे सहसा काही देत नाहीत. मुळात ठसाच दुहेरी घडला असेल, तर अक्षर चेपण्याऐवजी जाड व गोलसर होते, त्याची टोके दुभंगलेली दिसतात आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष त्याच जागी आढळतो. संग्राहक शोधतात तो हा दुसरा प्रकार.

आपल्या किनारपट्टीवर एक वेगळीच अडचण आहे. मासळी बाजारात ओल्या हातांतून फिरलेली आणि खाऱ्या हवेत डब्यात पडून राहिलेली पोलादी नाणी लवकर गंजतात, त्यांवर खड्डे पडतात, अक्षरे खाल्ली जातात आणि मग गणपतीला गावी आलेला एखादा चाकरमानी त्यालाच ‘एरर कॉइन’ समजून मुंबईला घेऊन जातो. ठशाला तडा गेला असेल तर त्या फटीत धातू शिरून नाण्यावर उंचवट्याची रेघ येते. खोलगट ओरखडा मात्र बहुधा टाकसाळीबाहेरचा असतो. एवढे बोट फिरवूनही कळते. किनार तुटलेल्या नाण्यात तुटीच्या नेमक्या समोरची कड दबलेली व अस्पष्ट असेल, तर छाप उठण्यापूर्वीची कोरी चकती मुळातच अपुरी कापली गेली असण्याचा संभव असतो. ती कड ठणठणीत असेल, तर कानशीच्या खुणा शोधाव्यात. दहा रुपयांच्या नाण्याची मधली चकती तर हातोडीने ठोकूनही काढता येते!

सालाखाली टाकसाळीची खूण नाही म्हणून नाणे दुर्मीळ ठरवणारेही भेटतात. मुंबईच्या नाण्यावर पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादच्या नाण्यावर तारा आणि नोएडाच्या नाण्यावर ठिपका असतो. कोलकात्याची टाकसाळ मात्र सर्वसाधारण चलनी नाण्यांवर खूणच घालत नाही.

दोष टाकसाळीतलाच आहे, हे सिद्ध झाले तरी किंमत आपोआप वाढत नाही. भिंगाशिवाय न दिसणाऱ्या दोषासाठी पैसे मोजणारे आपल्याकडे थोडेच आहेत. उलट छाप बरीचशी एका बाजूला सरकलेले किंवा दोन्ही अंगांना एकच चित्र, पण एका बाजूस उलटे व खोलगट, उमटलेले नाणे साध्या नजरेलाही खिळवून ठेवते, म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळते. त्यातही नाणे कितपत झिजले आहे, हे पाहिले जातेच. देवघरातल्या तांब्याप्रमाणे आमसुलाने घासून लखलखीत केलेले नाणे तर हाडाचा संग्राहक हातातही घेत नाही, आणि संकेतस्थळांवर विक्रेत्याने मागितलेली रक्कम ही कोणी खरोखर मोजलेली किंमत नव्हे, हेही अशा वृत्तांत सोयीस्करपणे विसरले जाते.

अशा बातम्या वाचून कोणी संपर्क साधला, की पलीकडचा माणूस आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ भरायला सांगतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते, की जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही. यापुढे असे वृत्त छापताना नाण्याच्या दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे, त्याचे ग्रॅममधील वजन आणि ते प्रत्यक्षात किती रुपयांना विकले गेले, याची माहिती सोबत द्यावी आणि विकले गेलेच नसेल तर किमतीचा आकडा छापू नये, अशी विनंती आहे.

आपला,
एक नाणेसंग्राहक, वेंगुर्ले