काठमांडूच्या आभाळात घिरट्या घालणाऱ्यांतर्फे : नेपाळच्या नागरिक उड्डयन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
संस्कृती, पर्यटन तथा नागरिक उड्डयन मंत्रालय,
सिंहदरबार, काठमांडू

सादर नमस्कार.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, विट्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला. इथं काठमांडूत, न्यू रोडच्या मागच्या गल्लीत आमची गलाईची भट्टी आहे. सोनारांकडचं जुनं सोनं आटवायचं, शुद्ध करून परत द्यायचं, हा वडिलांपासूनचा धंदा. इतकी वर्षं तुमच्या देशाचं मीठ खाल्लंय, म्हणून आधी रीतसर, अदबीनं, नेपाळीत अर्ज दिला होता. तो ज्या टेबलावर गेला, तिथंच कुणाच्या तरी चहाच्या कपाखाली असावा. म्हणून आता मराठीत लिहितोय. तुम्ही नाही वाचलंत तरी पशुपतिनाथाची आणि मुक्तिनाथाची तिकिटं काढून बसलेली माझी माणसं वाचतील, आणि सोबत दोन दिवसांची औषधं जास्त घेतील.

झालं असं की मला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. आई पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून काठमांडू अशी निघाली. वय चौऱ्याहत्तर, साखरेचा त्रास, गुडघे गेलेले. पिशवीत डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं आणि स्वतःच्या हातानं शिवलेली कुंची. दिल्लीहून विमान वेळेवर सुटलं. इथं मात्र चैत्रातला नेहमीचा धूर. जंगलं पेटतात, वारा पडलेला असतो, आणि या वाटीसारख्या खोऱ्यात तो धूर आठ-आठ दिवस बसून राहतो. धावपट्टी दिसेना, म्हणून विमान काठमांडूच्या दक्षिणेला, सीमेजवळच्या सिमरा गावाच्या वर घिरट्या घालत राहिलं. किती वेळ, ते आईला सांगता येत नाही, ती म्हणते, "खिडकीतून तीच नदी परत परत दिसायची." मग इंधन संपत आलं आणि विमान लखनौला गेलं.

लखनौला उतरू देत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रवासी, म्हणून विमानातच बसायचं. पाय सुजले, जेवणाचं नाव नाही, आणि इन्सुलिन सामानात गेलेलं. ते सामानात टाकायला सांगणाऱ्या काउंटरवरच्या पोरीचा मला अजून राग आहे, पण तो तुमच्या खात्याचा विषय नाही. संध्याकाळी वैमानिकांची ड्युटी संपली आणि विमान परत दिल्लीला. तिथं विमान कंपनीनं हात झटकले. हवामानाचं कारण, आमची जबाबदारी नाही, पुढची सगळी विमानं भरलेली. कंपनीचं नाव घेत नाही. नाव बदललं तरी वाक्य तेच असतं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. पाळण्याशी मोबाइल धरला, आणि दिल्ली विमानतळाच्या बाकड्यावरून आजीनं नातवाच्या कानात कुर्रर्र केलं. मागून बँकॉकच्या विमानाची घोषणा चालू होती. बायका हसल्या. माझी बायको आत निघून गेली.

त्यानंतर आईनं विमानाचं नाव टाकलं. नात्यातल्या एका पोरानं तिला दिल्लीहून रेल्वेनं गोरखपूरला आणलं, तिथून जीपनं सीमेवरच्या सुनौलीला. धूर जरा निवळला होता, म्हणून मी तिला घ्यायला देशांतर्गत विमानानं सीमेच्या अलीकडच्या भैरहवाला उतरलो. मंत्री महोदय, हे पत्र खरं तिथं सुरू झालं.

भैरहवाला तुमचं गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तीन हजार मीटरची धावपट्टी. आशियाई विकास बँकेचं कर्ज, चिनी ठेकेदार, १६ मे २०२२ला बुद्धजयंतीच्या मुहूर्तावर पंतप्रधान देउबांच्या हस्ते उद्घाटन. काठमांडूवरचा भार हलका व्हावा, धुक्या-धुरात विमानांना दुसरी जागा असावी, एवढ्यासाठी बांधलेलं. मी देशांतर्गत इमारतीतून बाहेर आलो आणि शेजारची आंतरराष्ट्रीय इमारत बघायला गेलो. काच चकचकीत, दारं बंद, आत रांगेत लावलेल्या ट्रॉल्या. बाहेर खुर्चीवर एक सुरक्षारक्षक चप्पल काढून बसला होता. विचारलं, आज विमान नाही? म्हणाला, "आज छैन." उद्या? त्यानं नुसती मान हलवली. आठवड्यात बोटावर मोजता येतील एवढी आखाती विमानं येतात, त्यांतली काही मध्येच बंद होतात, परत सुरू होतात.

आता नकाशा काढा. लखनौपेक्षा भैरहवा काठमांडूला जवळ. माझी आई त्या दिवशी त्या धावपट्टीच्या आसपासच्या आभाळातून गेली आणि आली, आणि तिला उतरवलं लखनौत, तेही विमानाच्या आतच. कधीमधी विमानं भैरहवाला वळवतातही म्हणे. मग त्या दिवशी का नाही? परवानगी नव्हती, माणसं नव्हती, की कंपनीला नको होतं? माझी मागणी म्हटलं तर एवढीच आहे: काठमांडू बंद पडलं की भैरहवाला इमिग्रेशनची चार माणसं, इंधन आणि बसगाड्या तयार ठेवा. बाकी मग माझा संताप आहे, तो फुकट वाचायला मिळतोय.

कारण आम्हाला शब्द दिला होता. नोव्हेंबर २०२४ पासून मार्चअखेरपर्यंत तुम्ही काठमांडूचं त्रिभुवन विमानतळ रोज रात्री दहा ते सकाळी आठ बंद ठेवलंत. दिवसाचे दहा तास! टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा धावपट्टीपर्यंतचा रस्ता, वाढवायचाय, विस्तार करायचाय, थोडी कळ काढा, मग गर्दी हटेल. आम्ही काढली. तिकिटं महागली, तीही घेतली. आखातात निघालेली पोरं रात्रभर बाहेर फुटपाथवर बॅगांना टेकून बसली. गर्दी हटली का? एकच धावपट्टी, वर्षाला पन्नास लाखांच्या घरात आंतरराष्ट्रीय प्रवासी, देशांतर्गत वेगळे, आणि कुणी बडी असामी येणार-जाणार असली की सगळ्यांनी आभाळात थांबायचं. एअरबस ए-३२० तासाला ढोबळ अडीच टन इंधन खाते. रोज किती विमानं किती वेळ फिरतात ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल. गुणाकार करा आणि तो आकडा एकदा विधानसभेत नाही, प्रतिनिधी सभेत म्हणा तुमच्या, वाचून दाखवा. तेही इंधन सीमेपलीकडून टँकरनं आणलेलं. २०१५च्या नाकाबंदीत परदेशी विमानांना तुम्ही सांगितलं होतंत की इथं तेल मिळणार नाही, येताना बरोबर आणा. समुद्र नसलेल्या देशाला आभाळ तरी मोकळं पाहिजे, हे तुम्हाला गलाईवाल्यानं सांगावं?

मार्च २०१५ मध्ये एक तुर्की विमान धुक्यात धावपट्टीवरून घसरलं. माणसं वाचली. पण ते अवजड धूड चार दिवस हलेना आणि चार दिवस अख्खा देश बाहेरच्या जगापासून तुटला. काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीवर भागणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं. त्याला दहा वर्षं उलटून गेली.

आणि पोखरा! चीनच्या एक्झिम बँकेचं २१ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास कर्ज. १ जानेवारी २०२३ला पंतप्रधान प्रचंड यांनी फीत कापली, पंधराव्या दिवशी तिथंच उतरताना एटीआर विमान सेती नदीच्या घळीत कोसळलं, ७२ माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत भट्ट्या बंद होत्या. पोखऱ्याचे दोन सोनार आमचे गिऱ्हाईक, त्यांच्या घरी रडारड. आंतरराष्ट्रीय विमान मात्र नावाला, ल्हासाचं आठवड्याचं एक आणि अधूनमधून एखादं चार्टर. हप्ते तर रोज चढतायत. आता अख्तियारनं, म्हणजे तुमच्या भ्रष्टाचार तपासणाऱ्या आयोगानं, ठेकेदार कंपनीसह पंचावन्न जणांवर खटला भरलाय. भरा. पण त्या खटल्यातून एकही विमान उतरणार नाही.

तुम्ही म्हणाल, भारतच हवाई मार्ग देत नाही, आम्ही काय करणार? बरोबर आहे, आणि इथं मला माझ्याच दिल्लीशी भांडायचंय. पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांना आत शिरायला सिमरा हाच दरवाजा. महेंद्रनगर, नेपाळगंज, जनकपूरवरून वाट द्या म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं विनवताय. दिल्ली चिनी ठेकेदाराचं नाव ऐकून तोंड फिरवते. ज्या दिवशी भैरहवाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी आमचे पंतप्रधान मोदी लुंबिनीला आले होते; कुशीनगरहून हेलिकॉप्टरनं आले आणि हेलिकॉप्टरनंच गेले. शेजारच्या कोऱ्या धावपट्टीवर चाक टेकवलं नाही. दोन सरकारांच्या या रुसव्यात घिरट्या घालते कोण, तर विट्याची एक मधुमेही म्हातारी. तिला चीनशी काय घेणंदेणं? १९४९ साली गौचरणच्या कुरणात पहिलं विमान उतरलं तेव्हा त्यातून भारताचेच राजदूत उतरले होते. गाईंना हाकलून जागा करून दिली होती तुम्ही. आज आमच्या राजदूतांनी एकदा भैरहवाला उतरून दाखवावं, मी हार घेऊन उभा राहतो.

पण सगळं दिल्लीवर ढकलून तुम्हाला सुटता येणार नाही. २०१३च्या डिसेंबरात युरोपीय संघानं नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं. त्यात दिल्लीचा हात नव्हता. कारण सगळ्यांना पाठ आहे: तुमचं नागरिक उड्डयन प्राधिकरण विमानतळ चालवतंही आणि त्याच विमानतळांवर देखरेखही ठेवतं. माझ्या धंद्यात सोनं ज्याचं, तोच कस लावत नाही. लावला तर त्याच्या दुकानात दुसऱ्या दिवशी कुणी पाय ठेवत नाही. प्राधिकरणाचे दोन तुकडे करायची विधेयकं किती वर्षं संसदेत येतात, समितीत जातात, सरकार पडतं, परत पहिल्यापासून. मधल्या काळात २०१८ला बांगलादेशी विमान काठमांडूच्या धावपट्टीशेजारी जळालं, ५१ माणसं. २०२४च्या जुलैत सौर्य एअरलाइन्सचं विमान उड्डाणातच कोसळलं, १८ गेली, एकटा वैमानिक वाचला. तुमच्याच खुर्चीत बसलेले रवींद्र अधिकारी २०१९ला हेलिकॉप्टर अपघातात गेले. मंत्री गेला तरी खातं हललं नाही, मग माझ्या अर्जानं ते का हलावं?

निजगढचं तर काढूच नका. १९९५ पासून दुसरं विमानतळ, दुसरं विमानतळ. २४ लाख झाडं जाणार म्हणून २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णयच रद्द केला. म्हणजे तीस वर्षांत तुमच्याकडे एक विमानतळ कागदावर, दोन कुलपात आणि एक भरून वाहतंय. या तीस वर्षांत सिंहदरबारात किती उड्डयन मंत्री बसले, मी मोजले नाहीत. माझ्या शेजारच्या चहावाल्यालाही सांगता येत नाहीत, आणि तो राजकारण सोडून दुसरं काही बोलत नाही. २०२५च्या सप्टेंबरात पोरांनी रस्त्यावर येऊन सरकार पाडलं, सिंहदरबार जळालं, विमानतळ बंद पडलं. महाराष्ट्रातले यात्रेकरू हॉटेलांत अडकले, त्यांतले काही आमच्या ओळखीचे, त्यांच्यासाठी आम्ही पोहे आणि चपात्या नेत होतो. तेव्हा वाटलं, आता तरी खुर्चीतली माणसं घाबरतील. घाबरली, पण काही आठवडेच.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? देशाचा चुलीवरचा तवा ज्या पोरांच्या पैशावर तापतो, ती कतार-दुबईला जाणारी पोरं तुमच्या त्या लाल विटांच्या इमारतीत कपाळावर टिका आणि गळ्यात झेंडूची माळ घेऊन तासन्तास उभी असतात, त्यांना "ए भाइ, लाइनमा" म्हणून ढकललं जातं, आणि त्याच विमानतळावर रोज कुणा ना कुणाची शवपेटी उतरते. तीही सिमराच्या वर घिरट्या घालूनच. त्यांच्यापुढं माझ्या बारशाचं दुःख ते काय? पण लिहायला बसलोय तो मी, त्यांना वेळ नाही.

आई आता इथंच आहे. भैरहवाहून नारायणघाट-मुगलिनच्या रस्त्यानं गाडीतून आणली, अर्ध्या वाटेत दरड काढायचं काम चालू होतं म्हणून रात्र मुगलिनला काढली. परतीचं मी तिला विचारलेलं नाही.

मला नुकसानभरपाई नको, माफीचं पत्र नको, आणि "सम्बन्धित निकायमा पठाइएको छ", म्हणजे संबंधित खात्याकडे पाठवलंय, असा शिक्का तर अजिबात नको. दोन प्रश्नांची होय किंवा नाही एवढीच उत्तरं द्या. काठमांडू बंद असताना भैरहवा चोवीस तास उघडं ठेवण्याचा लेखी आदेश तुम्ही काढणार का? आणि प्राधिकरण दुभंगण्याचं विधेयक येत्या अधिवेशनात मतदानाला टाकणार का?

आपला,
न्यू रोडच्या मागच्या गल्लीतला एक गलाईवाला