वेप आणायला सांगितलंस त्यावरून

प्रिय सुन्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. दिवाळीला येताना तिकडनं एक चांगलं वेप, म्हणजे ती बॅटरीवरची ई-सिगरेट, घेऊन ये म्हणालास, आणि त्याच दमात म्हणालास की पुण्यात विक्याचं चार दिवस ओढून बघितलं पण खोकला एवढा वाढला की सिगरेटच बरी वाटली. त्या शेवटच्या वाक्यामुळं हे लिहितोय. मी पण अगदी तिथंच अडकलो होतो, आणि तिथंच माणूस परत सिगरेटकडं वळतो. मेसेजवर तुकड्यातुकड्यात सांगता येणार नाही म्हणून नीट बसून टाइप करतोय, तू पण स्टँडसमोरच्या टपरीवर उभा राहून वाचू नको, घरी जाऊन वाच.

आधी आणायचं बोलतो. नाही आणणार भावा, राग मानू नको. २०१९ पासून आपल्याकडं ई-सिगरेटवर बंदी आहे, बनवणं, विकणं, बाहेरनं आणणं, सगळ्यावरच, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि विक्या जे चोरून घेतो त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. इथं ब्रिटनमध्ये एका मिलिलिटर लिक्विडमध्ये २० मिलिग्रॅमच्या वर निकोटीन घालता येत नाही, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, लिक्विडमध्ये व्हिटॅमिन घालायला मनाई आहे. तो व्हिटॅमिनचा नियम क्षुल्लक वाटेल पण २०१९ पासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत वेपमुळं फुफ्फुसं बिघडून २८०० च्या वर लोक दवाखान्यात गेले, ६८ माणसं मेली, आणि त्यात मुख्य दोषी निघालं ते गांजाच्या अर्काच्या, जास्त करून चोरट्या बाजारातल्या वेपच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. म्हणून विक्याला पण सांग, हात जोडून सांगतोय.

आता माझं. तुला एवढंच माहितीय की २०२४ च्या जानेवारीत मी सिगरेट सोडली. त्यानंतरचे दोन महिने कसे गेले ते कुणालाच सांगितलं नव्हतं, घरी पण नाही.

इथल्या सरकारी सिगरेट-सोडा क्लिनिकात गेलो होतो. तिथल्या नर्सनं पहिल्याच दिवशी एका मशीनमध्ये फुंकायला लावलं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात, माझा आकडा आला २२. दिवसाला पंधरा सिगरेटी, चौदा वर्षं, त्याचा तो आकडा. तिनं पॉडवालं छोटं वेप दिलं, २० मिलिग्रॅमचं लिक्विड दिलं आणि सांगितलं की सिगरेट पूर्ण बंद, अर्धं हे अर्धं ते केलंस तर फायदा जवळजवळ नाहीच. मी ऐकलं. दहा दिवसांनी परत फुंकलं तर आकडा ३. मी त्या आकड्याकडं बघतच राहिलो, डोळ्यात पाणी आलं रे.

पण त्याच दहा दिवसांत शरीरानं जे एकेक काढलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला खोकला. सिगरेट ओढताना मला खोकला फारसा नव्हता आणि सोडल्यावर सुरू झाला, सकाळी उठलो की बेसिनपाशी पाच-पाच मिनिटं, काळपट कफ. मला वाटलं वेपनं छाती गेली. डॉक्टरनं छाती तपासली, म्हणाला श्वासनळीत बारीक केसांसारखं असतं जे घाण वर ढकलतं, धुरानं ते लुळं पडलेलं असतं, धूर थांबला की ते परत काम करायला लागतं, आणि आत साठलेलं बाहेर काढायला लागतं. म्हणजे तो खोकला साफसफाईचा. सगळाच नाही हां, थोडा वेपचा पण होता, कारण लिक्विडमध्ये प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, घसा नि तोंड कोरडं ठक्क पडतं. शिवाय मी सिगरेटसारखा जोरात झुरका मारायचो. हळू आणि लांब ओढायला शिकल्यावर ठसका गेला. आता तुझं बघ, तू चार दिवस विक्याचं ओढलंस आणि मधेमधे सिगरेटही चालूच होती, मग खोकला कशाचा ते तुला कसं कळणार?

दुसरं तोंड आलं. जिभेच्या कडेला दोन आणि खालच्या ओठाच्या आत एक, पांढरे, मुगाच्या दाण्याएवढे. त्या आठवड्यात आईनं पाठवलेलं मेतकूट भातावर घेतलं तर ताटावरनं उठलो. हे पण मी वेपच्या नावावर टाकलं होतं, पण क्लिनिकात कळलं की सिगरेट सोडणाऱ्या बऱ्याच जणांना पहिल्या दोनेक आठवड्यांत तोंड येतं, मग ते वेपवर जावोत, च्युइंगमवर जावोत नाहीतर नुसते सोडोत. तसंच हिरड्यांचं. ब्रश करताना रक्त यायला लागलं, घाबरलो, तर दातांची डॉक्टर म्हणाली हिरड्या आधीपासनंच खराब होत्या, सिगरेटनं तिथला रक्तपुरवठा दाबून ठेवलेला त्यामुळं रक्त दिसत नव्हतं. चौदा वर्षं मला वाटत होतं माझे दात उत्तम आहेत.

पोटाचं तर तुला सांगायलाच नको, आपल्या दोघांचंही सकाळचा चहा आणि सिगरेट झाल्याशिवाय गाडं हलायचं नाही. ते थांबलं. चार-चार दिवस. शेवटी बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातनं इसबगोल आणलं, पाणी वाढवलं, महिनाभरात रुळलं.

आणि आता सगळ्यात विचित्र. दुसऱ्या आठवड्यात रात्री दोनला जाग यायची ती छाती धडधडूनच. हात थरथरायचे, उगाच कुणाची तरी भीती वाटल्यासारखं व्हायचं. मी अंधारात मनगट धरून ठोके मोजत बसायचो आणि हिला उठवावं का न उठवावं असा विचार करत राहायचो. एकदा पहाटे चारला जॅकेट घालून खाली गेलो होतो, दुकान उघडलं की एक पाकीट आणायचं ठरवून, खरंच सांगतोय, आणि पायरीवर बसून राहिलो. सकाळी क्लिनिकात फोन केला. नर्सनं विचारलं, कॉफी किती पितोस? मी म्हणालो पूर्वीइतकीच, चार-पाच मग. ती म्हणाली अर्धी कर. कारण काय, तर सिगरेटच्या धुरातल्या काही पदार्थांमुळं लिव्हरमधलं एक एन्झाइम नेहमीपेक्षा जोरात चालत असतं आणि ते कॅफिन भराभर संपवतं. धूर बंद झाला की काही दिवसांत ते आपल्या मूळ वेगावर येतं, आणि तेवढ्याच कॉफीचं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट साठतं. निकोटीनचा यात काही संबंध नाही, धुराचा आहे, त्यामुळं वेप ओढत असलास तरी हे होणारच. दोन मगांवर आलो, दुपारी तीननंतर बंद, आणि आठवड्याभरात झोप लागायला लागली. एका साध्या प्रश्नानं माझी सिगरेट सुटली बघ.

खास वेपचे म्हणावेत असे त्रास पण होते, ते लपवत नाही. सिगरेट संपते, विझते, वेप संपतच नाही, त्यामुळं सुरुवातीला लॅपटॉपसमोर सारखं तोंडात, आणि संध्याकाळी डोकं दुखून मळमळायला लागायचं, ते निकोटीन जास्त झाल्याचं. मग ठरवून वापरायला लागलो, सिगरेटला उठायचो तेवढ्याच वेळा. आता ३ मिलिग्रॅमवर आलोय आणि या हिवाळ्यात तेही सोडायचंय. ज्यानं आयुष्यात कधी सिगरेट ओढली नाही त्यानं याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्या कॉलनीतली पोरं ओढतात म्हणालास तेव्हा खूप वाईट वाटलं.

तर तुझ्यासाठी वेप नको, पण सोडायचं मात्र खरंच ठरव. मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगम मिळतं, ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत राहू नको, थोडं चावायचं, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, रस गिळत बसलास तर पोटात जळजळतं नि उचकी लागते. आणि १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, लाजू नको. खोकला, तोंड येणं, पोट, धडधड यातलं काहीही च्युइंगमवर पण होऊ शकतं, झालं तर घाबरून पाकीट फोडू नको, आधी मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत. चहा मात्र पहिल्या दिवसापासनं निम्मा कर. आणि छातीत दुखलं, दम लागला किंवा कफात रक्त दिसलं तर मला फोन न करता सरळ दवाखाना गाठ.

अजून एक, आणि हे तातडीचं आहे. काका पण तुझ्याबरोबर बिडी सोडणार म्हणालास ना, त्यांच्या दम्याच्या गोळ्यांमध्ये थिओफायलिन असेल तर ते औषध त्याच एन्झाइमवर चालतं, धूर थांबल्यावर तोच डोस त्यांना जास्त होऊ शकतो, मळमळ, उलटी, धडधड सुरू होते. त्यांनी बिडी सोडायलाच हवी, पण सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगून डोस बघून घ्यायचा, गोळी आपल्या मनानं कमीजास्त करायची नाही. आज घरी गेलास की त्यांच्या गोळ्यांच्या पट्टीचा मागच्या बाजूचा फोटो काढून पाठव, नाव नीट वाचता येईल असा.

तुझाच,
बाळ्या