फ्रान्समधली गावजत्रा आणि तिच्यामागचा हिशेब

महोदय,

फ्रान्सच्या प्रवासाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात खेड्यातली जत्रा आलीच तर ती एका चित्रापुरती येते. चौकात लांबच लांब टेबले, झाडांवर दिव्यांच्या माळा, अकॉर्डियन, वाइन. चित्र खोटे नाही. पण ते पाहून ‘तिकडची ग्रामपंचायत किती हौशी आहे’ असा जो समज होतो, तो दुरुस्त व्हायला हवा. जत्रा बहुधा पंचायत भरवत नाही. ती भरवतात गावातली आठ-दहा माणसे, आपापले कामधंदे सांभाळून. त्यांच्या मंडळाला ‘कोमिते दे फेत’ म्हणतात. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कोम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारखे घटक, आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी पाचशे माणसेसुद्धा राहत नाहीत. एवढ्याशा गावात तीन दिवसांची जत्रा उभी राहते, ती कशी, हे मराठी वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

मंडळाची नोंदणी १ जुलै १९०१च्या कायद्याने होते. दोन माणसे पुरतात. घटना लिहायची, प्रेफेक्चरला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाला, कळवायचे, मग राजपत्रात नाव येते. २०२०पासून या प्रसिद्धीचे पैसेही लागत नाहीत. आल्सास आणि मोझेल भागात मात्र जर्मन अमलातला जुना स्थानिक कायदा अजून चालतो आणि तिथे किमान सात सभासद लागतात. अध्यक्ष व्हायला कोणीतरी तयार होतेच, खजिनदार मिळत नाही. माझ्या मते मंडळे बंद पडतात ती बहुतेक याच पायी. श्रद्धा आटली, तरुण शहरात गेले ही कारणे खरी आहेत, पण ती नंतरची.

खजिनदाराचे काम अवघड का, ते दारूच्या टपरीकडे पाहिले की कळते. या टपरीला ‘बुव्हेत’ म्हणतात आणि जत्रेचा खर्च मुख्यतः तीच भरून काढते. मंडळाला अशी तात्पुरती टपरी वर्षातून पाच वेळाच लावता येते, आणि प्रत्येक वेळी मेयरची लेखी परवानगी लागते. बिअर, वाइन, सिडर (सफरचंदाचे मद्य) आणि १८ अंशांपर्यंतची काही गोड मद्ये विकता येतात. व्हिस्की किंवा पास्तिस (बडीशेपेच्या चवीची कडक दारू) ठेवले की नियम मोडला. अठराच्या आतल्या कोणालाही दारू द्यायची नाही. बिअरचे ३० लिटरचे पीप कागदावर पाव लिटरचे १२० पेले भरते, पण फेसात आठ-दहा जातातच. पीप उन्हात राहिले किंवा गाडीतून उतरवल्या उतरवल्या जोडले तर निम्मा फेसच येतो. म्हणून ते आदल्या दिवशी आणून, थंड जागी स्थिर ठेवतात. न उघडलेली पिपे परत घेण्याची बोली पुरवठादाराशी आधीच करावी लागते. पावसाची एक संध्याकाळ आणि परत न जाणारी दहा पिपे एवढ्याने वर्षाची शिल्लक संपते.

पेले आता टणक प्लास्टिकचे, धुऊन पुन्हा वापरायचे असतात. एका पेल्यामागे साधारण १ युरो अनामत घेतात. पेला परत दिला की युरो परत. इथेच गल्ल्याचा गोंधळ होतो: संध्याकाळभर अनामत विक्रीत मिसळत राहते आणि रात्री एक वाजता सगळे एकदम पेले परत करायला येतात. जाणते खजिनदार अनामतीचा डबा वेगळा ठेवतात आणि एक-दोन युरोच्या नाण्यांचे रोल शुक्रवारी बँक बंद होण्याआधी आणून ठेवतात. कार्डाचे यंत्र असले तरी डोंगराळ गावात मोबाइलला रेंज नसली की ते निकामी ठरते.

दुसरा मोठा विषय वाद्यवृंदाचा. फ्रेंच कायद्यात कलाकार हा नोकरदार धरला जातो, त्यामुळे एका रात्रीच्या नाचगाण्यासाठीही मंडळ त्याचे मालक ठरते. सामाजिक विम्याचे हप्ते भरण्यासाठी ‘ग्युझो’ नावाची एकखिडकी व्यवस्था आहे. कार्यक्रमाआधी नाव कळवायचे आणि नंतर एकच रक्कम भरायची. ज्यांचा मुख्य धंदा कार्यक्रमांचा नाही त्यांना असे सहा कार्यक्रम वर्षाला परवान्याशिवाय करता येतात. वाद्यवृंद एखाद्या निर्मिती संस्थेकडून बिलावर आला तर ही जबाबदारी त्या संस्थेची. काही मंडळे पाकिटात रोख देऊन मोकळी होतात. मग स्टेजवरून कोणी पडले की विमाही नाही आणि बेकायदा मजुरीचा ठपकाही येतो. गाण्यांच्या हक्कांचे पैसे ‘सासेम’ला द्यावे लागतात. १८५१ची ही संस्था कार्यक्रमाचा खर्च, प्रवेशमूल्य वगैरे पाहून आकारणी करते. आधी कळवले तर सवलत देते, विसरले तर ती जाते. ध्वनीची मर्यादा १०२ डेसिबल आहे, पंधरा मिनिटांच्या सरासरीवर.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे चुका फार होतात आणि त्या भुकेल्या रांगेसमोर होतात. बहुतेक गावांत शिंपल्या आणि तळलेले बटाटे असतात. माणशी कवचासकट सुमारे किलोभर शिंपल्या धरतात. त्या जिवंत हव्यात. उघडी राहिलेली शिंपली टिचकी मारूनही मिटली नाही तर टाकायची. थंड ठेवायच्या, पण पाण्यात बुडवून नाही, कारण गोड्या पाण्यात त्या मरतात. बटाटे दोनदा तळतात, आधी १५०-१६० अंशांवर आणि वाढताना १८०वर. आणि नेमका तेव्हा वीजपुरवठा तुटतो. साध्या १६ अँपियरच्या सॉकेटवर जेमतेम ३.६ किलोवॅट भार चालतो. त्यावर तीन-तीन किलोवॅटच्या दोन कढया लावल्या की गावच्या सभागृहाचे दिवे, वाद्यवृंद आणि बिअर थंड करणारे यंत्र असे सगळे एकदम बंद पडते. म्हणून कोणत्या तारेवर काय चालणार याचा कागद भिंतीवर चिकटवलेला असतो. ज्या मंडळात हा कागद नसतो तिथे स्वयंपाक गॅसवर नेलेला बरा.

शाकाहारी मराठी प्रवाशांनी दक्षिण फ्रान्समधल्या ओब्राक पठाराकडच्या जत्रांची नावे लिहून ठेवावीत. तिथे ‘आलिगो’ करतात. किलोभर पिठूळ बटाट्यांचा लगदा, ४०० ग्रॅम ताजे, न मुरवलेले ‘तोम’ चीज, लोणी किंवा साय, आणि थोडी लसूण. मोठ्या पातेल्यात वल्ह्याएवढ्या लाकडी पळीने घोटत, वर ओढत राहायचे, जोवर त्याची हातभर लांब तार सुटत नाही. फार तापले तर तार तुटून तूप वेगळे होते आणि गार झाले तर गोळा घट्ट होतो. त्यामुळे ते आधी करून ठेवता येत नाही, घाण्यावर घाणा घोटावा लागतो आणि रांगेला थांबावे लागते. सोबत सॉसेज देतात, ते नको म्हटले तर कोणी वाईट वाटून घेत नाही. चीज विरजायला मात्र बहुधा वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, हे कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

जत्रा उन्हाळ्यात असली तरी तिचे भांडवल थंडीत जमते. हिवाळ्यात ‘लोतो’ खेळतात. आपल्या हाऊजीचाच हा भाऊ: तेच ९० आकडे, तीन ओळी आणि नऊ रकान्यांचे तेच तिकीट, त्यावर तेच १५ आकडे. एक ओळ भरली की ‘कीन’, दोन भरल्या की ‘दुब्ल कीन’, सगळे तिकीट भरले की ‘कार्तों प्लँ’. कायद्याने हा खेळ मर्यादित वर्तुळातच चालतो, डाव २० युरोंच्या आत ठेवावा लागतो आणि बक्षीस रोख देता येत नाही. म्हणून तिथे बक्षिसात डुकराची अख्खी मांडी, भाजीची टोपली किंवा दूरदर्शन संच दिसतो.

वसंतात माळ्यावरच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, ‘व्हीद-ग्रेनिए’. जागा मीटरने देतात, मीटरला दोन-तीन युरो हा नेहमीचा दर. सामान्य माणसाला वर्षातून दोनदाच असे विकायला बसता येते, तेही फक्त घरातल्या वापरलेल्या वस्तू, आणि तसे लेखी द्यावे लागते. मंडळ प्रत्येक विक्रेत्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक नोंदवहीत लिहिते आणि ती वही आठ दिवसांत प्रेफेक्चरकडे जाते. चोरीचा माल खपू नये हा हेतू. पहाटे पाचला विजेरी घेऊन फिरणारे लोक दिसले तर ते जुन्या वस्तूंचे व्यापारी समजावेत. चांगल्या वस्तू आठ वाजेपर्यंत त्यांच्या गाडीत गेलेल्या असतात.

शोभेच्या दारूकामाची पद्धत वेगळी. सर्वांत मोठ्या वर्गातले नग असतील किंवा एकूण दारू ३५ किलोंवर असेल तर महिनाभर आधी मेयर आणि प्रेफेक्चर दोघांना कळवावे लागते. मोठे नग प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच उडवायचे. १४ जुलैला अशी माणसे सगळीकडे हवी असतात, म्हणून कितीतरी गावे १३ जुलैच्या रात्रीच उरकतात. कोरड्या उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने आयत्या वेळी बंदी येते, २०२२च्या जुलैत दक्षिणेत अनेक गावांवर ती आली. २०१६मध्ये नीस शहरात गर्दीत ट्रक घालून झालेल्या हल्ल्यानंतर चौकाकडे येणारे रस्ते वाहन घुसणार नाही असे अडवावे लागतात. गरीब गावे त्यासाठी ट्रॅक्टर किंवा भरलेली ट्रॉली आडवी लावतात. ट्रॅक्टरची किल्ली ज्याच्याकडे असेल त्या माणसाने तिथून हलायचे नाही, कारण रुग्णवाहिका आली तर वाट त्यालाच द्यायची असते.

प्रदेशागणिक रूप बदलते. ब्रिटनीत ‘फेस्ट-नोझ’ला, म्हणजे रात्रीच्या सामूहिक नाचाला, जोडीदार लागत नाही, करंगळ्या गुंफून साखळीत शिरायचे. युनेस्कोने २०१२मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिची नोंद घेतली. पूर्व पिरेनीजमधल्या तीन गावांत हिवाळा सरताना अस्वलाचा खेळ होतो, तो २०२२मध्ये त्या यादीत गेला. बोजोले भागात ‘कोन्स्क्री’ असतात: साल ६ने संपणारे असेल तर जन्मसाल ६ने संपणारे सगळे, वीस वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत, हातात हात घालून रस्ताभर लाटेसारखे चालतात. टोपीच्या फितीवरून वय कळते. विशीला हिरवी, तिशीला पिवळी, चाळिशीला नारिंगी, पन्नाशीला लाल. व्हिलफ्रांश-स्युर-सोनला हे जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होते आणि मग आसपासच्या खेड्यांत वसंतापर्यंत चालते. मला स्वतःला सगळ्या फ्रेंच उत्सवांत हाच सर्वांत सुंदर वाटतो.

आपल्या पुरवणीत या जत्रांची माहिती छापाल तेव्हा चार गोष्टी जरूर द्याव्यात. तारीख दर वर्षी गावाच्या फलकावर पाहावी, कारण ज्या संताच्या नावाने जत्रा भरते त्याचा दिवस मधल्या वारी आला की जत्रा जवळच्या शनिवार-रविवारी सरकते. जेवणाची नावनोंदणी तीन-चार दिवस आधी बंद होते, फोन क्रमांक बेकरीत लावलेल्या कागदावर असतो. खाली ‘आपली भांडी आणावीत’ असे लिहिले असेल तर ताट, पेला, काटा-सुरी घरूनच न्यायची, तिथे मिळत नाहीत. आणि सुटे युरो जवळ ठेवावेत.

आपली वाचक,
तुलूज, फ्रान्स