निकाल जरा उशिरा लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीवरच्या राजकीय वादचर्चांचा आढावा घेणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखात माहिती भरपूर आहे, पण प्रत्येक चर्चेपुढे ‘विजयी कोण’ हेही लिहून टाकलं आहे, आणि माझी हरकत तिथे आहे. इंदूरच्या शाळांमध्ये मी बरीच वर्षं वादविवाद स्पर्धांची परीक्षक होते. आमच्या गुणपत्रिकेत मांडणी, खंडन, भाषा, वेळेचं भान असे रकाने असत. ज्या मुलाला सर्वांत जास्त टाळ्या पडत, त्याला खंडनात अनेकदा दहापैकी दोनसुद्धा देता येत नसत. अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या चर्चा त्याच कागदावर मांडल्या तर लेखातले काही निकाल टिकत नाहीत.

१९६० च्या केनेडी-निक्सन चर्चेबद्दलची जुनी गोष्ट लेखात पुन्हा आली आहे : रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी. ज्या पाहणीवरून हे सांगितलं जातं, तिच्यात रेडिओवर ऐकणारे इतके थोडे होते की त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. निक्सन दुखण्यातून नुकते उठले होते, चेहरा ओढलेला होता, हे खरंच. पण तेवढ्यावरून सगळ्यांनी ‘दिसणं म्हणजेच जिंकणं’ हा धडा घेतला.

खरा अभ्यास करावा तो १९७६ चा. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांच्याशी झालेल्या चर्चेत अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत रशियाचं वर्चस्व नाही. पोलंड, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया सोव्हिएत टाचेखाली असताना! प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी चकित होऊन त्यांना बोलणं सावरण्याची संधी दिली. फोर्ड यांनी ती घेतली नाही. उलट युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावं घेऊन तेच पुन्हा ठासून सांगितलं. माझ्या लेखी गुण जातात ते इथे. जीभ कुणाचीही घसरते, पण समोरच्याने हात दिल्यावरही तो झिडकारणं हा स्वभावाचा भाग झाला.

याहून महत्त्वाचं पुढे घडलं. त्या रात्री लगेच घेतलेल्या कौलात फोर्ड यांचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं, उलट ते थोडे पुढेच होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ते एक वाक्य दिवसभर दळलं, आणि संध्याकाळपर्यंत कार्टर खूप पुढे निघून गेले. चर्चा तीच, पाहणारेही तेच. मधे फक्त आपण पत्रकार मंडळी आलात. आता यात लोकांना उशिरा कळलं म्हणायचं की त्यांना सांगितलं गेलं म्हणायचं? थोडं दोन्ही असावं. पण ‘विजयी’ लिहिताना तो निकाल कोणत्या तासाचा, हे तरी लेखकाने सांगायला हवं होतं.

१९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांना प्रतिस्पर्धी मॉन्डेल यांच्याबरोबरच्या चर्चेत वयाबद्दल विचारलं होतं. नीट पाहिलं तर प्रश्न असा होता की क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात केनेडींना दिवसेंदिवस जेमतेम झोप मिळाली होती, तसं काही आलं तर तुम्हाला झेपेल का? ‘अजिबात शंका नाही’ एवढंच म्हणून रेगन यांनी पुढे तो प्रसिद्ध विनोद केला की प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचं आणि अननुभवाचं मी राजकीय भांडवल करणार नाही. मॉन्डेल स्वतःसुद्धा हसले. हजरजबाबीपणाला पूर्ण गुण, उत्तराला जवळजवळ शून्य. त्याच रात्री समारोपात रेगन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या रस्त्याची गोष्ट सांगत इतके भरकटले की वेळ संपली म्हणून सूत्रधाराने त्यांना मधेच थांबवलं. ते आज कुणाला आठवत नाही, आपल्या लेखकालाही नाही.

डावपेच म्हणून पाहायची तर १० सप्टेंबर २०२४ ची हॅरिस-ट्रम्प चर्चा फारच बघण्यासारखी आहे. विषय स्थलांतराचा, म्हणजे ट्रम्प यांच्या हातचा. हॅरिस यांनी जाता जाता एवढंच म्हटलं की यांच्या सभांमधून लोक कंटाळून लवकर निघून जातात. सीमासुरक्षेचं विधेयक का हाणून पाडलंत, असं सूत्रधार विचारत होते, आणि ट्रम्प आधी सभांच्या गर्दीचा हिशेब द्यायला लागले. तिथून थेट स्प्रिंगफील्ड गावात स्थलांतरित लोक पाळीव कुत्री-मांजरं खातात, या निराधार आरोपावर गेले. गळ इतका सफाईने टाकलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. पण चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची स्थिती बरी आहे का, या पहिल्याच प्रश्नाला हॅरिस यांनी आपल्या मध्यमवर्गीय बालपणाने सुरुवात केली आणि मूळ प्रश्नाला शेवटपर्यंत हात लावला नाही, हेही कागदावर यायला हवं. ट्रम्प यांचा सर्वांत बिनतोड मुद्दा, की साडेतीन वर्षं सत्तेत असून हे सगळं आधी का केलं नाही, तो समारोपात आला. तो दुसऱ्याच मिनिटाला आला असता तर? लेखात हॅरिस ‘निर्विवाद विजयी’ आहेत. नोव्हेंबरात निवडून आले ट्रम्प.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी पंतप्रधान मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला, चर्चा काही झाली नाही. राष्ट्रीय पातळीवर ती होईल याची मला फारशी आशा नाही. वाहिन्यांवर आठ चौकटींत आठ जण एकदम ओरडतात, त्याला गुण कसे द्यायचे हे कुठल्याही परीक्षकाने सांगावं.

शहराच्या पातळीवर मात्र जमू शकेल. तुमच्याकडे महाराष्ट्रात महापौर नगरसेवक निवडतात. आमच्या इंदुरात २०२२ मध्ये तो मतदारांनी थेट निवडला. म्हणजे उमेदवार समोरासमोर बसवता येतात. या मुदतीची पाच वर्षं २०२७ मध्ये संपतील. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड का येतं, राजवाड्याभोवतीच्या वाहतुकीचं काय, हे प्रश्न भाषणात उडवता येतात, समोर प्रतिस्पर्धी आणि हातात घड्याळ असलेला सूत्रधार असताना तितकं सोपं नाही. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांना मी हे लिहिणारच आहे. आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी कुठल्याही चर्चेचं वार्तांकन करताना पहिल्या दिवशी प्रश्न आणि त्याखाली दिलेलं उत्तर जसंच्या तसं छापावं. जाणकारांचं मत दुसऱ्या दिवशी वाचायला आमची हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर