इन्सासला निरोप देताना: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

जय हिंद.

मी पायदळातला निवृत्त हवालदार. नोकरीची शेवटची काही वर्षं कोतात काढली. कोत म्हणजे कंपनीची हत्यारं जिथं कुलपात राहतात ती खोली. सकाळी रायफली मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या, नंबर जुळला नाही तर कुणाला जेवायला सोडायचं नाही. परेडवर चकाकणारी रायफल अशा माणसाला फारशी आठवत नाही. कुठल्या नंबरच्या बटावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, कुणी नखानं नाव कोरलंय आणि कुठली रायफल मागायला जवान भांडतात, हे मात्र आठवतं.

इन्सास, म्हणजे सैन्याची देशी बनावटीची रायफल, आता सैन्यातून हळूहळू निघाली आहे आणि तिच्या जागी उत्तर प्रदेशातल्या कोरव्यात बनणारी, रशियन घराण्याची एके-२०३ येते आहे. निरोपाच्या वेळी दोनच सूर कानावर येतात. एकाच्या मते इन्सास म्हणजे निव्वळ भंगार. दुसऱ्याच्या मते ती देशी होती म्हणून बदनाम झाली. तिच्यासोबत झोपलेला माणूस म्हणून सांगतो, दोघांनीही तिला नीट पाहिलेली नाही. आणि तिचं नीट न पाहता दफन झालं, तर तिचेच दोष नवीन रायफलच्या अंगात येतील. पत्राचं कारण एवढंच.

आधी तिचं देणं सांगतो. मी भरती झालो तेव्हा हातात एसएलआर, म्हणजे जुनी सेल्फ-लोडिंग रायफल, होती. ७.६२ बाय ५१ची गोळी (मिलिमीटरमध्ये, जाडी बाय पुंगळीची लांबी), खांद्याला असा धक्का की नवीन रंगरूट पहिल्या दिवशी डोळे मिटूनच घोडा दाबायचा. मग इन्सास आली. पुण्यात पाषाणला एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं ऐंशीच्या दशकात तिची रचना सुरू केली, ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत ती बनली, १९९८च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लोकांनी पाहिली. गोळी ५.५६ची. रिकामी रायफल चार किलोच्या वरच भरायची, त्यामुळे तिला हलकी म्हणणं धाडसाचं, पण गोळीचं वजन निम्मं झालं. एसएलआरची एक गोळी चोवीस ग्रॅमच्या आसपास, इन्सासची बारा. शंभर गोळ्यांमागे सव्वा किलो वाचतो. चढावर सव्वा किलो म्हणजे काय, ते चढणाऱ्यालाच विचारा.

आणि निशाणा! धक्का कमी, त्यामुळे रंगरूट डरायचा नाही. ज्यांची एसएलआरवर ग्रुपिंग, म्हणजे निशाण्यावरच्या छिद्रांचा पुंजका, परातीएवढी यायची, त्यांची इन्सासवर तळहातात मावायला लागली. कॉकिंग हँडल (पहिली गोळी चढवायला ओढायचा दांडा) डाव्या बाजूला, म्हणजे उजवा हात मुठीवरून न काढता कॉक करता येते. एके वापरणाऱ्याला त्यासाठी उजवा हात सोडावा लागतो. ही छोटी गोष्ट नाही, पण तिचं कौतुक कुणी करत नाही.

आतून मात्र ती एकेचीच मावसबहीण. जमिनीवर कांबळं पसरून खोलना-जोडना करताना दिसायचं: लांब पिस्टन, फिरणारा बोल्ट, आणि पुढे गॅस कमीजास्त करण्याचा रेग्युलेटर, तो एफएएल या बेल्जियन रायफलच्या घराण्यातला, जिच्यावरून एसएलआर बनली. म्हणजे आपल्या एसएलआरचाच वारसा. रेंजवरून आल्यावर पिस्टनच्या टोकाला कार्बनचा काळा थर बसायचा, चिंदी ओएक्स-५२ तेलात बुडवून घासायचा, मग पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) नळीतून ओढून उजेडाकडे धरून बघायचं. उस्ताद म्हणायचे, नळीत आपला चेहरा दिसला पाहिजे. दिसायचा नाही, पण आम्ही हो म्हणायचो.

आता दोष. इन्सासची नळी बदनाम झाली नाही, बोल्टही फारसा नाही. बदनाम झालं ते मॅगझीन, म्हणजे ज्यातून गोळ्या एकेक करून रायफलीत चढतात तो भाग. अर्धपारदर्शक प्लास्टिकचं, वीस गोळ्यांचं. कल्पना वाईट नव्हती. किती गोळ्या उरल्या ते जवानाला बाहेरून दिसावं. पण मॅगझीन म्हणजे डबा नव्हे. त्याच्या वरच्या तोंडाचे दोन ओठ गोळीला नेमक्या कोनात धरून ठेवतात, खालून स्प्रिंग ढकलत असते. ओठ केसभर फाकला की गोळी तिरकी चढते, बोल्ट तिच्यावर आदळतो, रायफल अडते. कारगिलमध्ये १९९९ला नेमकं हेच ऐकू आलं: थंडीत मॅगझीनला तडे गेले, रायफली अडल्या, एका दाबाला तीनच गोळ्या सुटणाऱ्या बर्स्टवर ठेवलेली रायफल सलग सुटली, तेल उडून फायर करणाऱ्याच्या डोळ्यांत गेलं. सुधारलेली १बी१ आवृत्ती निघाली, तरी मॅगझीन फुटण्याची तक्रार राहिलीच.

त्यात बर्स्टचं गणित. सलग फायर मुद्दाम ठेवला नव्हता, गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून. वीस गोळ्यांत तीन-तीनचे सहा बर्स्ट आणि दोन गोळ्या शिल्लक. समोरच्याकडे एके आणि तीस गोळ्या. शिवाय ५.५६च्या गोळीमागचा जुना विचार असा की शत्रू जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघे लागतात. शत्रूच्या सैन्याला हा हिशोब लागू पडतो. मरायलाच आलेल्या अतिरेक्याला कोण उचलतंय? काश्मीरमध्ये जवान एके मागत होते, ते उगाच नव्हे.

पण साहेब, दोष कुठल्या रायफलीत नसतात? अमेरिकनांची एम-१६ व्हिएतनाममध्ये इतकी अडली की त्यांच्या संसदेनं चौकशी लावली. बारूद बदललेलं होतं, नळीला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि जवानांना सफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं. चौकशीत हे उघड लिहिलं गेलं, रायफल दुरुस्त झाली आणि तिची भावंडं आजही चालतात. आपल्याकडे काय झालं? २००५च्या ऑगस्टमध्ये नेपाळमधल्या कालिकोटला माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ सैनिक गेले. नेपाळच्या लष्करानं भारताकडून घेतलेली इन्सास अडल्याची तक्रार केली. आपलं उत्तर होतं, हाताळणीत चूक असावी. २०१४मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलानं इन्सास नको म्हटलं, पुढच्या वर्षी त्यांना काही ठिकाणी एके देण्यात आल्या. रायफल बदलली. ती अडत का होती, याचं सरळ उत्तर त्या जवानाला कुणी दिलं नाही.

‘हाताळणीत चूक’ हे उत्तर माझ्या ओळखीचं आहे. एकदा एका किरकोळ सुट्या भागाबद्दल मी तक्रार लिहून पाठवली होती. भाग कुठला, कागद कुणाकडे गेला, ते इथं लिहीत नाही. ज्यांच्या टेबलावर तो पडला तेही नोकरीच करत होते. एक पानाचा कागद. वर जाताना दर टेबलावर त्याची भाषा सुधारत गेली आणि माझं म्हणणं पातळ होत गेलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं: वापरकर्त्यांना योग्य देखभालीच्या सूचना देण्यात याव्यात. वापरकर्ता मीच. मी स्वतःला सूचना दिल्या आणि फाइल बंद केली.

आता एके-२०३कडे येतो. ६ लाखांहून जास्त रायफलींचा करार डिसेंबर २०२१मध्ये झाला, जुलै २०२४पर्यंत पहिल्या ३५ हजार सैन्याला मिळाल्या. रायफल चांगली आहे, यात शंका नको. चिखल, धूळ, बर्फ यांना एकेचं घराणं जुमानत नाही. तीस गोळ्यांचं मॅगझीन, दुमडणारा आणि लांबी कमीजास्त होणारा बट. बुलेटप्रूफ जॅकेट घालून इन्सासचा लांब बट खांद्यात बसवायला मान वाकडी करावी लागते, ते दुखणं संपलं.

पण तिचीही बाजू उघड मांडली पाहिजे. आपल्याच मंत्रालयानं तिचा परिणामकारक पल्ला ३०० मीटर सांगितला आहे. इन्सासचा ४०० धरला जायचा. ७.६२ बाय ३९ची गोळी सेकंदाला साधारण सातशे मीटर वेगानं निघते, इन्सासची नऊशेनं. तीनशेच्या पुढे ती झपाट्यानं खाली बसते. झाडीत, गल्लीत, घरात शिरताना हे चालतं. पण एका डोंगरकड्यावरून समोरच्या कड्यावर मारायचं, तर चालत नाही. त्यासाठी ७.६२ बाय ५१ची अमेरिकी रायफल सिग-७१६ घेतली: फेब्रुवारी २०१९मध्ये ७२,४००, ऑगस्ट २०२४मध्ये आणखी ७३ हजार. तिचा मार दमदार, पण गोळी पुन्हा एसएलआरच्या वजनाची आणि मॅगझीन वीसचं. आम्ही जिथून निघालो होतो तिथंच परत आलो, असं वाटून मला हसू आलं. त्या सिगसाठी रात्री नेम धरायच्या नाइट साइटचा ६५९ कोटींचा करार झाला ऑक्टोबर २०२५मध्ये, म्हणजे पहिल्या खरेदीनंतर साडेसहा वर्षांनी. पाचशे मीटरवर मारणारी रायफल रात्री दिसेल तेवढ्याच अंतरावर मारते.

माझं मागणं एकच आहे. जवानानं सांगितलेला दोष, त्याच्याच शब्दांत, कारखान्याच्या बाकापर्यंत किती दिवसांत पोचतो, याचा हिशोब ठेवा आणि तो दरवर्षी संसदेपुढे मांडा. गाडीत खोट निघाली तर कंपन्या चेसिस नंबर लावून गाड्या परत बोलावतात. रायफललाही नंबर असतो. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्या, रायफलचा नंबर आणि गोळीचा लॉट त्यात लिहू द्या, कोत सांभाळणाऱ्या एनसीओला (हवालदार-नाईक दर्जाच्या माणसाला) ती थेट पाठवू द्या. उत्तर तीस दिवसांत यावं. ‘हाताळणीत चूक’ लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण कोणत्या चाचणीत ती दिसली तेही लिहा.

कुणी म्हणेल, ही गोपनीय माहिती आहे. मॅगझीनचा ओठ थंडीत का तुटतो, यात शत्रूच्या कामाचं काय आहे? तो तुटतो हे समोरच्याला आपल्या आधी कळतं.

मॅगझीनला रायफलचा अवयव न मानता गोळीसारखी संपणारी वस्तू माना, ही एक पोटमागणी. ते आपटतं, दबतं, त्याची स्प्रिंग थकते. ठरावीक वापरानंतर ते फेकायचंच असं ठरवा आणि त्यासाठी वेगळा पैसा ठेवा. रायफल जपणारा जवान मॅगझीनही जपत बसतो, कारण हरवलं तर पगारातून कापलं जाईल याची भीती त्याला शत्रूपेक्षा जास्त असते. हे मी कोतात बसून पाहिलं आहे.

आणि निघालेल्या इन्सास कुठंतरी पोलिसांकडे, होमगार्डकडे जातील, तेव्हा त्यांच्यासोबत जुनी मॅगझीनं पाठवू नका. रायफलची नळी अजून चांगली आहे. तिला नवीन मॅगझीन मिळालं तर ती अजून खूप वर्षं नीट मारेल.

आपला,
एक निवृत्त हवालदार

ता. क. : एके-२०३ची गोळी ७.६२ बाय ३९, सिग-७१६ची आणि नव्या नेगेव्ह एलएमजीची (हलक्या मशीनगनची) ७.६२ बाय ५१. कंपनीत दोन्हींना ‘सात-बासष्ट’च म्हटलं जाणार. एकीची गोळी दुसरीत चालत नाही. रात्री, हातमोजे घालून, घाईत पेटी उघडणाऱ्यासाठी दोन्ही पेट्यांना वेगवेगळी खूण हवी, बोटांना चाचपून कळेल अशी. शिवाय नव्या कार्बाइनसाठी (आखूड नळीच्या रायफलसाठी) ५.५६ राहणारच आहे, म्हणजे पेट्या तीन झाल्या. पेटीच्या कडीजवळ एक, दोन, तीन खाचा पाडल्या तरी पुरे.