बंदरातून बाहेर कसं पडायचं तेवढं तरी सांगा

मा. संपादक यांस,

गोव्यातल्या मुरगाव बंदराला क्रूझ बोट लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो, गळ्यात हार घातलेले गोरे म्हातारा-म्हातारी, मागे बोट, खाली अमुक इतके प्रवासी उतरले. उतरून पुढे त्यांचं काय झालं ते काही छापून येत नाही. मलाही त्याचं कधी काही पडलं नव्हतं, पण यंदा मे महिन्यात मुलाने हट्टाने आम्हा दोघांना आणि वन्संना (सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, पण उत्साह माझ्या दुप्पट) भूमध्य समुद्रात सात रात्रींच्या क्रूझवर पाठवलं आणि तिथं ते फोटोतले म्हातारा-म्हातारी आम्हीच झालो, म्हणून लिहितेय.

बार्सिलोनाला चढायचं, मग पाल्मा, मार्सेय, ला स्पेझिया, चिविटावेक्किया, नेपल्स, एक दिवस नुसता समुद्र आणि परत बार्सिलोना. ऐकायला भरगच्च, पण प्रत्यक्षात सकाळी सात-आठला बोट लागते, संध्याकाळी पाच-सहाला सुटते आणि सुटायच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी आत पाहिजे. म्हणजे हातात आठ तास धरा. बोटीवाल्यांची सहल घेतलीत आणि त्यांची बस अडकली तर बोट थांबते, पण आपले आपण गेलात आणि उशीर झाला तर थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा. माझ्या मते त्यांच्या सहली खपतात त्या या एका भीतीवर.

आता त्यांच्या छापील कागदावर 'रोम' असतं, पण बोट लागते चिविटावेक्कियाला, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. सावंतवाडीला उतरवून ही घ्या पणजी म्हणावं तसं. बोटीची बस, तीही नुसती नेऊन सोडणार आणि परत आणणार, माणशी ऐंशी युरोच्या आसपास सांगत होते. आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे गुणाकार केला आणि खुर्चीत बसले. शेवटी आम्ही आपले आपण गेलो ते केबिन साफ करणाऱ्या मुलामुळे. पहिल्याच दिवशी आमचं बोलणं ऐकून तो दारात थबकला, "तुमी गोंयचीं?" म्हणाला. सासष्टीतला, कुडतरीचा, आठवी बोट त्याची. घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. त्याने टॉवेलचा हत्ती करता करता सगळं सांगितलं, धक्क्यावरून बंदराची फुकट बस मिळते, ती फाटकाबाहेर सोडते, तिथून स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटं, साधी लोकल पकडा, पाचेक युरो, आणि शेवटपर्यंत जाऊ नका, सान पिएत्रो स्टेशनला उतरा, व्हॅटिकन तिथून चालत आहे. आणि कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड! हे शिक्क्याचं आम्हाला जन्मात कळलं नसतं. मी त्याला विचारलं, तू रोमला किती वेळा गेलास रे, तर म्हणाला बंदराच्या फाटकापर्यंत, तिथं वाय-फाय मिळतं, आईला फोन करता येतो. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि रोम बघितलं ते आम्ही.

नेपल्सला तर धक्का शहरातच आहे, जिना उतरलं की समोर किल्ला. तिथून लोकलने पॉम्पेईला गेलो, इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं गाव. वन्सं दगडी रस्त्यातल्या गाड्यांच्या चाकोऱ्या बघत उभ्याच राहिल्या. रस्त्याच्या कडेला खानावळीचे कट्टे आहेत, कट्ट्यात गोल भोकं आणि आत मडकी बसवलेली, आणि बेकरीत दगडी जाती. गाईड म्हणाला की जळून कोळसा झालेले गोल पावसुद्धा मिळाले, आठ फाके पाडलेले, तेव्हा मला आमच्या पोदेराची, दारोदार पाव विकणाऱ्याची, सायकल आठवली. उन्हाने मात्र जीव गेला. सावली नाही आणि परतीच्या लोकलमध्ये शीग भरलेली गर्दी.

बोटीवरचं फार लिहीत नाही, खाणं दिवसभर चालूच असतं, माणूस भुकेपेक्षा डोळ्यांनी जास्त खातो. नळाचं पाणी फुकट, बाटली घेतलीत तर कार्डावर चढते, आणि टिपसुद्धा रोजच्या रोज आपोआप चढते, ती शेवटच्या दिवशी बिल बघून कळते. एक गोष्ट मात्र आवडली. बोट सुटण्याआधी सगळ्यांना सेफ्टी ड्रिल करावीच लागते, सुटका नाही. १३ जानेवारी २०१२ ला कॉस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. ती त्याच संध्याकाळी चिविटावेक्कियाहून सुटलेली आणि तिथं चढलेल्यांची ड्रिल झालीच नव्हती, तेव्हापासून हे कडक झालं. लाइफ जॅकेट बघून ह्यांना 'रामदास' आठवली, १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडाली ती, सहाशेहून जास्त माणसं गेली होती. सासऱ्यांनी त्या धास्तीने मुंबईच्या बोटीत पाय ठेवला नव्हता म्हणे.

तर आता मुरगावचं. गेल्या मोसमात भाचीकडे वास्कोला गेले होते तेव्हा भर दुपारी एक परदेशी जोडपं नकाशा घेऊन मला ओल्ड गोव्याची बस विचारत होतं. टॅक्सीचा आकडा ऐकून ते चालत निघाले होते. मी त्यांना पणजीची कदंब (म्हणजे गोव्याची सरकारी बस) शटल दाखवली खरी, पण पणजीहून पुढे दुसरी बस, आणि चारपर्यंत बोटीवर पोचायचंय म्हटल्यावर बाईचा चेहरा उतरला, म्हणाल्या नको, इथंच फिरतो. सहासात तास गोव्यात आणि बघितला वास्कोचा बाजार! १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली चर्चेस तासाभरावर, मंगेशी त्याच वाटेवर पुढे, जुवारीवर नवीन पूल झालेला, आणि अडतं कुठे, तर धक्क्यापासून फाटकाबाहेर आणि फाटकापासून बसपर्यंत.

टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय द्या असं माझं म्हणणं नाही, चार जणांचं कुटुंब टॅक्सीच घेणार. पण बोट येणार त्या दिवशी सकाळी दोन कदंब बसेस फाटकाशी उभ्या करा, ओल्ड गोवा, मंगेशी आणि परत, तिकीट आणि परतीची वेळ मोठ्या अक्षरात लिहा. टॅक्सीचे दर त्याच फलकावर. बोट कधी येणार ते महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतं, अचानक कोणी टपकत नाही.

आणि हे ठरवायला परदेशात अभ्यास दौरा काढू नका. सासष्टीत, वास्कोत घरोघरी तारवटी आहेत, कोणत्या बंदरात फुकट बस कुठे थांबते, कुठे लुबाडतात, कुठे प्रवासी रडकुंडीला येतात, हे त्यांना पाठ आहे. आमचा तो केबिनवाला मुलगा ऑगस्टमध्ये घरी येतोय, मी त्याला जेवायला बोलावलंय, बंदरातल्या कोणा साहेबाला यायचं असेल तर तेही येऊ देत, हुमण-शीत (माशांची आमटी आणि भात) आहे.

- एक वाचक, फोंडा